आवाजाची दुसरी प्रत

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. म्हणजे शेजारच्या सीटवर बसून दिवसभर लोकांवर ओरडतात, आणि लोक वर त्यांचे आभार मानतात. बोलण्याच्या बाबतीत देवाने यांना द्यायला घेतलं तेव्हा मापच हरवलं असावं. रडणारं मूल दिसलं तर बोलून गप्प करतील, गप्प मूल दिसलं तर बोलून रडवतील. लग्नाआधी मला वाटायचं, बरं झालं, बोलका नवरा मिळाला. लग्नानंतर मी आठवडाभर वाट पाहिली, मग मीही बोलायला सुरुवात केली. दोघं एकदमच बोलायचो. कुणाचं काही अडलं नाही.

तर यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, गाठ निघेल, माणूस वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. मी म्हटलं, काढा. त्या क्षणी मी काहीही काढायला हो म्हटलं असतं. हे मात्र टेबलावरच्या पेनाकडे बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "मग मी शिकवणार कसं?"

त्याच दवाखान्यात, बोलणं गेलेल्या लोकांना पुन्हा बोलतं करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मार्ग काढला. ऑपरेशन व्हायच्या आत यांनी रोज लागणारी वाक्यं आपल्या आवाजात संगणकावर भरून ठेवायची. मग एकेका बटणाला एकेक वाक्य जोडायचं. बटण दाबलं की संगणक बोलणार, पण आवाज यांचा. घशाला लावायचं यंत्रही असतं म्हणाल्या, पण त्यातून येतो तो यंत्राचा आवाज. त्यांनी नमुन्याची वाक्यंही दिली. "मला पाणी हवे आहे." "कृपया खिडकी बंद करा." यांनी ती वाचली आणि कागद परत केला.

"असं कोण बोलतं हो? मी असं बोलायला लागलो तर लोकांना वाटेल, आवाज नाही, डोकंच काढलं."

यांनी वाक्यं स्वतःची स्वतः ठरवली. आता प्रश्न जागेचा. घरात शांतता म्हणून नाही. वरच्या मजल्यावर भिंत पाडायचं काम चाललेलं, खाली एक कुत्रा, आणि मधल्या मजल्यावर मी. म्हणून हे आपला जुना मांडीवरचा संगणक घेऊन शिकवणीच्या गाडीत जाऊन बसायला लागले. काचा वर केल्या की त्या गाडीत आवाज घुमत नाही म्हणे. मी गॅलरीतून बघायची. उभ्या गाडीत एक माणूस एकटाच हातवारे करतोय, मधेच चिडतोय, मधेच हसतोय. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वर्षाचं भांडण आत्ताच उरकून घेतायत.

मला एकही वाक्य ऐकू दिलं नाही. "पूर्ण होऊ दे" हे एकच पालुपद. दवाखान्यातल्या बाईंनी एक प्रत मागितली, त्यांनाही तेच उत्तर. मी बजावलं, "अहो, एकाच ठिकाणी ठेवू नका, यंत्राचा काय भरवसा." तर म्हणाले, "मला शिकवतेस? दोन ब्रेकच्या गाडीत बसणारा माणूस आहे मी. दुसरी प्रत काढून ठेवलीय." मी गप्प बसले. तिथेच चुकलं. पण ते पुढे कळलं.

ऑपरेशन उत्तम झालं. गळ्यापाशी श्वासाचं एक छिद्र राहिलं, आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. हे एका छोट्या पाटीवर लिहून बोलायचे. पण पाटीवर ओरडता येत नाही, आणि न ओरडता बोलायची यांना सवय नाही. अंगात ताकद आली तशी बाईंनी संगणकावर बटणं बसवून दिली. आधी कामाची वाक्यं, घरची मग, असं यांनीच ठरवलं. मी म्हटलं, बरोबर आहे, बायको काय, कुठे पळून जाणार आहे.

पहिल्या शिकवणीला यांनी मुद्दाम जुनी विद्यार्थीण निवडली. ही बाई दातांची डॉक्टर. घरात तिला आम्ही दातवाली म्हणतो. लोकांच्या तोंडात सुई घालताना हिचा हात हलत नाही, पण स्टीअरिंग धरलं की हात, पाय आणि अक्कल, तिन्ही एकदम थरथरायला लागतात. कधीपासून शिकतेय ते तिलाही आठवत नाही. पुढे काय झालं ते तिनेच मला सांगितलं, आमच्या सोफ्यावर बसून, रडत रडत.

संगणक यांच्या मांडीवर होता आणि सगळं छान चाललं होतं. बटण दाबलं की गाडीत यांचा आवाज यायचा आणि ती डावीकडे वळायची. मग एका गल्लीच्या तोंडाशी समोर भिंत आली आणि हिने ब्रेक समजून दुसरंच पायडल दाबलं. हे बटण विसरले. ओरडायला तोंड उघडलं, सवयीने. गळ्यातून नुसती हवा बाहेर आली. तोवर भिंत अगदी जवळ. मग हे आपल्या पायाखालच्या ब्रेकवर झेपावले, त्या झटक्यात मांडीवरचा संगणक घसरून नेमका पायडलावर पडला, आणि यांनी सगळं अंग टाकून जो ब्रेक दाबला तो त्याच्यावरूनच. गाडी थांबली. भिंत वाचली, दातवाली वाचली. संगणकाची पाठ मोडली.

"सर खाली वाकून नुसते बघत बसले," ती म्हणाली. "मला एक शब्द बोलले नाहीत."

बोलणार कसे, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

घरी आणल्यावर यांनी चालू करायचं बटण दाबलं. एक दिवा लागला, आत काहीतरी घरघरलं, आणि पडदा काळाच. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. नंतर जाता येता दाबत होते. माझे दीर धावत आले. "दादा, आपल्या बाबांचा रेडिओ आठवतो ना?" असं म्हणून मी "अहो, अहो" करेपर्यंत त्यांनी संगणकाला एक सणसणीत थापट मारली. त्यानंतर तो दिवाही लागेना. दिरांना मी चहा न देता घरी पाठवलं, हे लिहिताना मला अजिबात वाईट वाटत नाही.

दातवाली म्हणाली, फोनमध्ये जुनी चित्रणं असतील, त्यात सरांचा आवाज असेलच की. आम्ही शोधलं. प्रत्येक समारंभात फोन यांच्याच हातात. त्यामुळे सगळीकडे यांची दोनच वाक्यं. "हसा." आणि "मागच्यांनी पुढे या." तेवढ्यावर उरलेलं आयुष्य काढायचं म्हणजे कठीणच.

संध्याकाळी यांनी पाटीवर लिहिलं, "जाऊ दे." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "गाडी विकू." मी भांडले. एकटीच भांडले, कारण समोरून काहीच येईना. त्यानंतर यांनी पाटीवर लिहिणंही सोडलं. जेवण समोर ठेवलं की जेवायचे, दिवा मालवला की झोपायचे, आणि बाकीचा वेळ भिंतीकडे तोंड. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. तेव्हा वाटलं होतं, माणूस परत येईल, आवाजाचं बघू. आता माणूस घरात होता आणि दिवसेंदिवस लांब चालला होता. ती वाक्यं परत बोलून घ्यायची सोय जगात कुठेच नव्हती. म्हणून मी ठरवलं, ती जिथे अडकलीत तिथूनच काढायची.

संगणक दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता दातवालीनेच आणून दिला. तिच्या दवाखान्यातला संगणक त्या माणसाने एकदा मेलेला जिवंत केला होता. एका जिन्याखाली, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी, अरुंद दुकान. भिंतीला पोटं उघडी टाकलेले संगणक टेकवलेले, अंड्यांच्या ट्रेमध्ये मापाप्रमाणे स्क्रू, आणि सगळीकडे तापलेल्या धातूचा वास. दुकानदार पोरगेलासा, चष्म्यावर अजून एक चष्मा लावलेला. आणि तोंड? मी मनातल्या मनात त्याचं नाव टकळी ठेवलं ते पहिल्या पाच मिनिटांतच.

"या काकू, बसा, तो स्टूल नको, तो हलतो, हा घ्या, काय झालंय, पडला? पाण्यात? नाही? मग नशीबवान आहात, परवा एकाने सरबतात बुडवून आणला, वर म्हणतो साखर नव्हती त्यात. अरे बापरे. यावर काय ठेवलं होतं?"

"पाय," मी म्हटलं.

"पडल्यावर चालू करून बघितला?"

"बघितला."

"किती वेळा?"

"ते विचारू नका."

"मारला?"

"दिरांनी."

"दिरांना माझ्याकडे कामाला पाठवू नका," तो म्हणाला आणि स्क्रू काढायला बसला. हात चालू, तोंड चालू. मला समजावून सांगत होता की संगणक मेला म्हणून घाबरायचं नसतं. वरचा सांगाडा वेगळा आणि आतली डिस्क वेगळी. घर पडलं तरी कपाट शाबूत राहू शकतं. ही डिस्क काढायची, धडधाकट संगणकाला जोडायची, आणि आतलं सगळं उतरवून घ्यायचं. "चहा प्यायच्या आत होईल, काकू." त्याने डिस्क जोडली. आतून टिकटिक ऐकू आली. त्याने लगेच वायर उपटली आणि गप्प झाला.

टकळी थांबली तेव्हा मला पहिल्यांदा धास्ती वाटली.

"दुसरी प्रत असेल ना काकू?" त्याने विचारलं.

"आहे की. यांनी आठवणीने काढली होती."

"मग झालं! कुठे आहे?"

"ह्याच्यातच. मोडला त्या दिवशी मी विचारलं तर यांनी पाटीवर लिहिलं, दुसरा कप्पा करून त्यात ठेवलीय."

त्याने दोन्ही चष्मे काढले. "काका काय करतात?"

मी सांगितलं. दोन ब्रेकचंही सांगितलं. तो कपाळाला हात लावून हसायला लागला. "काकू, त्या गाडीत पायडलं दोन असतात, पण दोन्ही खाली एकाच ब्रेकला जोडलेली असतात. काकांनी इथेही तेच केलंय." मला राग आला, पण कुणाचा ते नक्की करता येईना. जन्मभर जे केलं तेच या माणसाने इमानेइतबारे इथेही केलं होतं.

डिस्क वाचणारी आतली सुई दुखावलेली होती. प्रत्येक वेळी चालू केली की थोडी आणखी बिघडणार. म्हणून टकळीने घाई सोडली. जे सहज येतंय ते आधी घ्यायचं, अडलं तिथे जोर लावायचा नाही, ती जागा सोडून पुढे जायचं, डिस्कला विश्रांती द्यायची, आणि सोडलेल्या जागांकडे शेवटी शांतपणे परत यायचं. मला ही पद्धत पटली. नवऱ्याच्या रागावर मी इतकी वर्षं हाच उपाय करत आले आहे.

मी रोज दुपारी जाऊन न हलणाऱ्या स्टुलावर बसायची. घरात त्या पाठीकडे बघत बसण्यापेक्षा बरं. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची आणि टकळी मला त्याच्या सासरचं राजकारण सांगायचा. मी सल्लेही दिले. त्यातला एक त्याने मानला आणि पस्तावला, पण ते जाऊ दे.

एका दुपारी त्याने माझ्या हातात हेडफोन दिला. "बघा ओळखीचं आहे का."

"क्लच सोड. हळू. हळू म्हणालो मी! पायाखाली काय झुरळ मारतोयस?"

यांचा आवाज. तस्साच. वाक्याच्या शेवटी घसा खाकरायची खोडसुद्धा तशीच. मी रडले. चांगली हमसून रडले, आणि लाजलेही नाही. टकळीने मला डोळे पुसायला पडदे पुसायचं फडकं दिलं.

"अजून आहेत," तो म्हणाला. "बऱ्याच आहेत. आणि काकू, एक गंमत सांगतो. पहिल्या प्रतीतल्या ज्या फाईली खराब जागेवर गेल्या, त्यातल्या कितीतरी दुसऱ्या प्रतीत धड निघाल्या. दोन प्रती डिस्कवर वेगवेगळ्या जागी बसल्या होत्या ना. काकांचा ब्रेक एकच होता खरा, पण लागला."

मी मनात यांना लावलेली सगळी विशेषणं परत घेतली. म्हणजे, निम्मी घेतली.

एकच अडचण उरली होती. फाईली आल्या होत्या, पण नावं गेली होती. प्रत्येकीवर नुसता आकडा. कोणत्या फाईलीत कोणतं वाक्य, ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. "सगळ्यांना नव्याने नावं ठेवावी लागतील," टकळी म्हणाला.

मी म्हटलं, त्याची काळजी नको, नावं ठेवण्यात मी पटाईत आहे.

मग मी तिथेच बसून ऐकत सुटले. दातवालीसाठी वाक्यं होती: "डॉक्टर, डोळे उघडा." दिरांसाठी होतं: "मला माहीत आहे," आणि पाठोपाठ, "तेही माहीत आहे." वरच्या मजल्यावरच्यांसाठी होतं, ते इथे लिहिता येणार नाही. फोनवर वस्तू विकणाऱ्यांसाठी, रांगेत घुसणाऱ्यांसाठी, पत्ता चुकलेल्यांसाठी, कुत्र्यासाठीसुद्धा होतं. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की माझ्यासाठी एकही नाही. मी मागे जाऊन तपासलं. नाहीच. साऱ्या जगाशी बोलायची तजवीज, आणि बायकोच्या वाट्याला शून्य. कुत्रा बरा!

घरी निघाले तेव्हा इतकी आनंदात होते की रस्ता दिसत नव्हता, आणि इतकी पेटलेली होते की समोरची माणसं आपणहून बाजूला होत होती. दोन्ही एकाच वेळी होता येतं.

टकळीने वापरायला दिलेला संगणक मी यांच्या खोलीत टेबलावर ठेवला. यांचं तोंड भिंतीकडे. मी काही बोलले नाही, नुसतं बटण दाबलं.

"गाडीत बसल्यावर पहिलं काम काय? आरशात बघायचं. स्वतःला नाही, मागच्याला."

पाठ हलली. मी दुसरं दाबलं.

"रस्ता सगळ्यांचा आहे. तुझा जरा कमी."

हे वळले. आधी माझ्याकडे बघितलं, मग संगणकाकडे, मग उठून असे आले की पायात पांघरूण अडकलं. एकेक वाक्य लागत गेलं तसे यांचे खांदे हलायला लागले. हसत होते का रडत होते, ते आवाजाशिवाय मला सांगता आलं नाही. बहुतेक दोन्ही. मीही तेच करत होते, फक्त मी ते मोठ्याने करत होते.

मग आम्ही दोघं नावं द्यायला बसलो. एखादं वाक्य अर्ध्यात तुटलेलं निघे, हे हातानेच "जाऊ दे" करत. हे "जाऊ दे" वेगळं होतं. यांनी एक हसणंही भरून ठेवलं होतं, चांगलं गडगडाटी. ते मात्र बिघडून आलं होतं. बेडकाला उचकी लागावी तसं वाजलं. मला हसू आवरेना, यांनाही. ते पुसू नकोस, असं यांनी बोट हलवून बजावलं.

मग मी विचारलंच. "अहो, कुत्र्याला दोन वाक्यं आहेत. मला किती?"

यांनी चटकन माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी पाटी उचलली. "तुझी वेगळी होती. शेवटी भरली होती. आली नाहीत?"

"नाही."

यांचा चेहरा पडला. पुन्हा यादी वरून खाली पाहिली, ऐकली, आणि मग बसून राहिले. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "राहू दे हो, इतकं आलं ते काय थोडं आहे? माझ्याशी लिहून बोला." यांनी नाही अशी मान हलवली. सकाळी मी उठले तर हे बाहेर जायचे कपडे घालून, गळ्याला रुमाल बांधून, दाराशी चपला शोधत होते. त्या अपघातापासून पहिल्यांदाच.

दुकानात टकळीने यांना नमस्कार केला, काका काका करत स्वतःच्या अर्ध्या आयुष्याची हकिगत सांगितली, आणि मग कानाची पाळी चोळत म्हणाला, "अजून फाईली? नाही काका, एवढ्याच. म्हणजे शेवटी काही निघाल्या होत्या, खराब जागेतून, पण त्या बिघडलेल्या. अगदी एवढ्याएवढ्या आहेत, आणि सगळ्यांत एकच शब्द. अडकलेली तबकडी जशी. म्हणून मी त्या बाजूला टाकल्या. दिल्या नाहीत. ऐकता?"

त्याने लावल्या.

"अगं."

"अगं!"

"अगं?"

"बघा," टकळी म्हणाला, "एकच शब्द पुन्हा पुन्हा..."

यांनी जोरजोरात मान हलवली. टकळीला खुर्चीवरून जवळजवळ ढकलून हे संगणकापुढे बसले. लग्न झाल्यापासून यांनी मला नावाने हाक मारलेली नाही, आणि मीही यांना नाही. आमच्या घरात माझं नाव हेच. हे एकेक फाईल ऐकत होते, आणि जराही न अडखळता तिला नाव देत होते. मी मागे उभी राहून वाचत होते.

अगं – चष्मा कुठे आहे.

अगं – पाहुणे आलेत, बाहेर ये.

अगं – पाहुणे जात नाहीयेत, तूच काहीतरी कर.

अगं – ऐकलंस का, गंमत झाली.

अगं – माझं चुकलं, पण तसं म्हणणार नाही.

अगं – पुरे आता.

अगं – भीती वाटते.

टकळी गप्प होता. या वेळी मला त्याची धास्ती वाटली नाही. मला एवढंच कळत होतं, की मी ही प्रत्येक "अगं" ओळखते. नाव न वाचता ओळखली असती. कुणी मला झोपेतून उठवून ऐकवली असती, तरी मी सांगितलं असतं, ही चष्म्याची आणि ही भीतीची.

पण मी मी आहे. म्हटलं, "आणि पूर्ण वाक्य? बायकोशी एक पूर्ण वाक्य बोलावंसं वाटलं नाही?"

यांनी पाटी घेतली. "तुझ्याशी पुढचं बोलायची वेळ कधी आलीय? 'अगं' म्हटलं की तूच बोलतेस."

टकळी इतका हसला की त्याचा वरचा चष्मा अंड्यांच्या ट्रेमध्ये पडला.

त्याने सगळ्या फाईलींच्या प्रती करून दिल्या. एक दवाखान्यातल्या बाईंकडे गेली, एक दातवालीकडे, एक टकळीने स्वतःकडे ठेवली. दिरांनाही एक दिली, हात लावायचा नाही या अटीवर. बाईंनी पुन्हा बटणं बसवली, घरची आणि कामाची एकत्रच. गाडीत आता संगणक पट्ट्याने बांधलेला असतो, सीटबेल्ट लावल्यासारखा. दातवाली अजून शिकतेच आहे. परवा तिच्यासाठी म्हणे यांना "डॉक्टर, डोळे उघडा" हे बटण एकदाच दाबावं लागलं.

बटणं बसली त्याच संध्याकाळची गोष्ट. मी ओट्यापाशी भांडी घासत होते. नळ सोडलेला, हाताला फेस, डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी. बाहेरच्या खोलीतून हाक आली.

"अगं!"

"आले, आले!" मी ओरडले. "दोन मिनिटं धीर म्हणून नाही माणसाला! मला काय चार हात आहेत? तुमचा चष्मा तुमच्या डोक्यावर असेल, बघा आधी!" नळ बंद केला, हात पदराला पुसले, आणि तोंडाने बडबडतच दारापर्यंत आले.

हे टेबलापाशी बसले होते. बोट अजून बटणावर होतं, आणि डोळे भरलेले. तेव्हा कुठे मला आठवलं, की यांना आवाज नाही. ओट्यापासून दारापर्यंत मी ते साफ विसरले होते.